मोकळी जमीन कोणाची?
ॲमेझॉनच्या रस्त्याकाठची कौटुंबिक शेती : एक अभ्यासपाठ

शास्त्रभाग : १ राजे, अध्याय २१, लेवीय, अध्याय २५



आदिवासी पाड्यांवरच्या कामाविषयी सांगायला मी मंडळ्यांमध्ये जाते, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारला जातो. "ताई, जंगलात एवढी जमीन नुसती पडून आहे. ती गोरगरिबांना वाटून टाकली तर काय बिघडेल?" हा प्रश्न वाईट हेतूने येत नाही. विचारणाऱ्याच्या मनात भूमिहीनांविषयी खरी कणव असते. पण प्रश्नात एक गोष्ट आधीच गृहीत धरलेली असते, ती म्हणजे जंगलातली जमीन मोकळी आहे.

हेच गृहीत धरून एका देशाने फार मोठी योजना राबवली. देश ब्राझील, प्रदेश ॲमेझॉनचे वर्षावन. त्या योजनेला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. तिथे काय घडले हे आज पुष्कळ तपशिलाने माहीत आहे, म्हणून या अंकाच्या अभ्यासपाठासाठी मी तोच विषय घेतला आहे.

१. दुष्काळ, रस्ता आणि आखणी

१९७० साली ब्राझीलच्या ईशान्य भागात भीषण दुष्काळ पडला. देशात तेव्हा लष्करी राजवट होती आणि एमिलिओ मेदिसी हे राष्ट्राध्यक्ष होते. जून महिन्यात त्यांनी दुष्काळी भागाला भेट दिली आणि थोड्याच दिवसांत राष्ट्रीय एकीकरणाचा कार्यक्रम जाहीर केला. ॲमेझॉनच्या जंगलातून पूर्व-पश्चिम असा चार हजार किलोमीटरहून लांब महामार्ग काढायचा आणि त्याच्या काठी भूमिहीन कुटुंबे वसवायची, असा तो बेत होता. रस्त्याचे नाव ट्रान्सअमेझॉनिका. माणसे नसलेली जमीन, जमीन नसलेल्या माणसांसाठी, अशा अर्थाची घोषणा तेव्हा दिली जात होती.

ईशान्येत पाऊस कमी होता, आणि चांगली जमीनही थोड्या बड्या जमीनदारांच्या हातात होती. तिथे जमिनीचे फेरवाटप करायचे म्हणजे त्या जमीनदारांना दुखवायचे. त्यापेक्षा गरिबांनाच उचलून जंगलात नेणे सरकारला सोपे वाटले. जमिनीच्या न्यायाचा प्रश्न अशा रीतीने स्थलांतराचा प्रश्न होऊन बसला.

वसाहतीचे काम इन्क्रा या नव्या सरकारी संस्थेकडे सोपवले गेले. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर पाच किलोमीटरवर आडवे फाटे काढायचे आणि जमिनीचे शंभर-शंभर हेक्टरचे, म्हणजे सुमारे अडीचशे एकरांचे लांबट पट्टे पाडायचे, असे ठरले. रस्त्यावर अर्धा किलोमीटर तोंड आणि आत दोन किलोमीटर खोली, असा मुख्य रस्त्यावरचा पट्टा असे. ठरावीक अंतरावर शाळा आणि दवाखान्यासह छोटी गावे बांधायची होती. कागदावर सगळे नीटनेटके होते. टेकडी, ओढा, दलदल आणि मातीचा कस यांची दखल मात्र त्या सरळ रेषांनी घेतली नव्हती. एखाद्या पट्ट्यात बारमाही झरा येई, शेजारच्याला उन्हाळ्यात प्यायलाही पाणी नसे. उपग्रहाच्या छायाचित्रांत हा प्रदेश माशाच्या काट्यासारखा दिसतो. मधला कणा म्हणजे महामार्ग आणि दोन्हीकडचे काटे म्हणजे फाट्यांलगत तुटलेले जंगल.

पाच वर्षांत एक लाख कुटुंबे वसवू, असे सरकार म्हणत होते. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या महामार्गावर सरकारने प्रत्यक्ष वसवलेल्या कुटुंबांचा आकडा दहा हजारांपर्यंतही गेला नाही. १९७४ च्या सुमारास सरकारचे लक्ष मोठ्या कंपन्या आणि पशुपालक मळेवाल्यांकडे वळले. रस्त्यावर आणून सोडलेली कुटुंबे मात्र तिथेच राहिली.

२. तिथे आधीपासून कोण होते?

रस्त्याची आखणी ज्या जंगलातून गेली ते अनेक आदिवासी समाजांचे घर होते. शिंगू नदीकाठचे अल्तामिरा हे या वसाहतीचे मुख्य शहर. त्याच्या पश्चिमेला आरारा लोकांच्या वावराच्या प्रदेशातूनच महामार्ग गेला. शिकारीच्या वाटा आणि फळझाडांचे राखलेले पट्टे मध्येच तुटले. बुलडोझर आणि बाहेरची माणसे आल्यावर त्यांचे गट विखुरले, आत आत सरकले. त्यांच्यापैकी काहींशी शांततेचा पहिला संपर्क व्हायला १९८० चे दशक उजाडले. पूर्वेकडच्या पाराकान्यां लोकांच्या वाट्यालाही रस्त्याबरोबर परके आजार आणि विस्थापन आले.

तिसरा एक गट नेहमी विसरला जातो, तो म्हणजे नदीकाठचे लोक. त्यांच्यातल्या पुष्कळांचे पूर्वज रबराचा चीक काढण्यासाठी याच दुष्काळी ईशान्येतून आले होते आणि आदिवासींत मिसळून गेले होते. मासेमारी, ब्राझील नट गोळा करणे आणि थोडी मॅनिऑकची लागवड यांवर ते जगत. (आपल्याकडे साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच हा मॅनिऑक. मूळचा दक्षिण अमेरिकेचा.) त्यांच्याकडे सातबाऱ्यासारखा कोणताही उतारा नव्हता, म्हणून नकाशावर ते नव्हतेच.

एमिलिओ मोरान या मानववंशशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात अल्तामिराजवळच्या वसाहतीत राहून अभ्यास केला. त्यांना असे आढळले की स्थानिक लोक उभ्या जंगलाकडे पाहूनच खालची माती ओळखत. कोणत्या जातीची झाडे एकत्र वाढली आहेत, यावरून जमीन कसदार की निकृष्ट हे त्यांना कळे. दुरून आलेल्या पुष्कळ शेतकऱ्यांना हे साधत नव्हते. ज्या जमिनीला सरकार निर्मनुष्य म्हणत होते, तिची इतकी बारीक ओळख असलेली माणसे तिथे राहत होती. त्यांना कोणी विचारले नाही.

३. शंभर हेक्टर आणि एक कुटुंब

आता वसवलेल्या कुटुंबाकडे वळू. त्यांनाही आपण खलनायक समजता कामा नये. नवरा, बायको, चार-पाच लहान मुले, एक कुऱ्हाड, एक कोयता आणि समोर शंभर हेक्टर घनदाट अरण्य, अशी त्यांची सुरुवात होती.

कोरड्या महिन्यांत दोन-तीन हेक्टर झाडी तोडायची, ती वाळली की पेटवायची आणि पहिल्या पावसावर राखेत भात, मका, चवळी पेरायची. आपल्याकडच्या कुमरी शेतीची आठवण व्हावी अशी ही पद्धत आहे. वर्षावनाचा कस बहुतेक ठिकाणी मातीत कमी आणि उभ्या झाडोऱ्यात जास्त असतो. राखेमुळे दोन-तीन वर्षे पीक बरे येते, मग जमीन थकते. आदिवासी शेतकरी ती अनेक वर्षे पडीक ठेवतो आणि जंगल पुन्हा वाढू देतो. पट्ट्याच्या चार रेषांत अडकलेल्या, कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या कुटुंबाला इतकी वाट पाहणे कठीण जाते.

त्यात मलेरिया होता. पावसाळ्यात फाट्यांवर गुडघाभर चिखल होई आणि भाताची पोती घरातच पडून राहत. कर्ज पेरणी उलटून गेल्यावर हातात पडे. कायदाही दोन तोंडांनी बोलत होता. १९६५ च्या वनकायद्यानुसार ॲमेझॉनमधल्या शेतकऱ्याने निम्मे जंगल राखायचे होते, आणि १९९६ साली ही मर्यादा ऐंशी टक्क्यांवर नेण्यात आली. पण जमीन कसली जाते हे सिद्ध करायचे तर झाडे तोडलेली दाखवावी लागत. तोडले नाही तर हक्क जाई आणि तोडले तर कायदा मोडे.

याच सुमारास नैऋत्येला रोन्दोनियातही असेच घडत होते. बीआर ३६४ हा महामार्ग जागतिक बँकेच्या मदतीने १९८४ साली डांबरी झाला. तिथली लोकसंख्या १९७० साली सुमारे एक लाख अकरा हजार होती, ती १९९१ पर्यंत अकरा लाखांच्या पुढे गेली. त्यांतले पुष्कळ लोक दक्षिण ब्राझीलमधून आले होते. तिकडे सोयाबीनसारखी यांत्रिक शेती पसरल्यामुळे त्यांच्या छोट्या शेतांना जागा उरली नव्हती.

४. गुरे का वाढली?

अनेक फाट्यांवर आज भातशेतीऐवजी गवताची कुरणे आणि पांढरी, वशिंडाची गुरे दिसतात. ब्राझीलमध्ये या जातीला नेलोर म्हणतात. आंध्रातल्या ओंगोल गुरांपासून ती तयार झाली आणि नाव मिळाले आंध्रातल्याच नेल्लोरवरून.

गरीब शेतकरी गुरांकडे वळतो त्याला लोभ म्हणणे सोपे आहे. त्याची कारणे ऐका. चिखलात पोती अडकतात, पण गुरे स्वतःच्या पायांनी बाजारात चालत जातात. मुले मोठी होऊन शहराकडे गेली की घरात मनुष्यबळ राहत नाही आणि कुरणाला हात कमी लागतात. घरात आजारपण आले की एक वासरू विकता येते, म्हणजे ते गरिबाचे बचतखातेच झाले. शिवाय कुरण दिसले की जमीन कसली जाते, हेही सिद्ध होते.

पण कुरणाला पुष्कळ जमीन लागते. थकलेला शेतकरी पट्टा विकतो, शेजारीही विकतो, आणि बघता बघता दहा कुटुंबांची जागा एकाचा मळा होते. विकून निघालेले कुटुंब एक तर अल्तामिरासारख्या शहराच्या कडेला झोपडी बांधते, नाही तर फाट्याच्या टोकाशी पुन्हा नवे जंगल तोडते. ते टोक एके दिवशी आदिवासींच्या हद्दीला जाऊन भिडते. म्हणजे ज्याला आधी गावाकडच्या जमीनदाराने हुसकले, त्यालाच पुढे मळेवाल्याने हुसकले आणि शेवटी आदिवासीच्या समोर नेऊन उभे केले.

आरारा लोकांच्या काशोएइरा सेका या प्रदेशात हे स्पष्ट दिसते. आदिवासी भूमी म्हणून त्याला अंतिम मान्यता मिळायला २०१६ साल उजाडले. तोपर्यंत रस्त्यामुळे आलेली कित्येक शेतकरी कुटुंबे आत घरेदारे करून राहिली होती. आदिवासींचा हक्क १९८८ च्या राज्यघटनेने स्पष्ट मानला आहे आणि तो खराच आहे. पण तिथल्या गरीब शेतकऱ्याला पर्यायी जमीन देण्याची जबाबदारीही कोणावर तरी आहे. ती टाळली की दोन गरीब एकमेकांचे वैरी होतात, आणि ज्यांनी त्यांना तिथे आणले ते बाजूला राहतात.

५. खोटा कागद आणि खरी बंदूक

ब्राझीलमध्ये जमीन बळकावणाऱ्याला ग्रिलेइरो म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी ग्रिलो, म्हणजे रातकिडा आहे. खोटे दस्तऐवज रातकिड्यांसह पेटीत कोंडून ठेवायचे, म्हणजे कागद पिवळे पडतात, कुरतडले जातात आणि जुने दिसतात, अशी या नावामागची कथा सांगतात. अशा कागदांवर हजारो हेक्टर जंगल बळकावले गेले आणि तिथल्या लोकांना धमकावून काढण्यासाठी भाडोत्री बंदूकवाले आले.

इथे मंडळीला बाजू घ्यावी लागली. ब्राझीलमधल्या कॅथोलिक मंडळीने आदिवासींसाठी १९७२ साली आणि जमिनीच्या प्रश्नासाठी १९७५ साली स्वतंत्र राष्ट्रीय संस्था उभ्या केल्या. शिंगूचे बिशप एर्विन क्रॉयटलर १९८३ साली, उसाचे पैसे थकलेल्या शेतकऱ्यांबरोबर महामार्गावर उभे राहिले तेव्हा पोलिसांनी त्यांना मारहाण केली.

धर्मभगिनी डोरोथी स्टँग मूळच्या अमेरिकेच्या. १९६६ साली त्या ब्राझीलला आल्या आणि पुढे ट्रान्सअमेझॉनिकावरच्या अनापू इथे शेतकऱ्यांमध्ये राहिल्या. त्यांचा आग्रह असा होता की गरिबाला जमीन मिळालीच पाहिजे, पण जंगल मारून नव्हे. त्यांनी पाठपुरावा केलेल्या 'एस्पेरान्सा', म्हणजे 'आशा', या वसाहतीत कुटुंबाने थोडा भाग कसायचा, बाकी जंगल सांभाळून त्यातून उपज घ्यायची आणि जमीन विकायची नाही, असे नियम होते. मळेवाल्यांना नेमके हेच नको होते. १२ फेब्रुवारी २००५ रोजी त्याच वसाहतीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर ७३ वर्षांच्या डोरोथींना गोळ्या घालून मारण्यात आले. त्यांच्या पिशवीत पवित्र शास्त्र होते. मारेकऱ्यांबरोबर सुपारी देणाऱ्या मळेवाल्यांनाही पुढे शिक्षा झाली. हत्येनंतर पाचच दिवसांनी सरकारने शिंगू खोऱ्यातले तेहेतीस लाख हेक्टरांहून अधिक जंगल संरक्षित घोषित केले. ही मागणी तिथल्या संघटना कितीतरी आधीपासून करत होत्या.

६. जे टिकले ते कशामुळे?

ही गोष्ट केवळ दुःखाची नाही. महामार्गावर मेदिसिलांदिया नावाचे गाव आहे. त्याच राष्ट्राध्यक्षांचे नाव त्याला दिलेले आहे. तिथली तांबडी-जांभळी माती कसदार आहे, आणि आज ब्राझीलमध्ये सर्वांत जास्त कोको पिकवणाऱ्या भागांत त्याची गणना होते. कोकोचे झाड मूळचे ॲमेझॉनचेच. ते मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते, वर्षानुवर्षे फळ देते आणि घरच्या माणसांनी हाताने करण्याजोगे काम पुरवते. त्याला कुरणाइतकी जमीन लागत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भाव कोसळले तेव्हा पुष्कळांचे हाल झाले, पण अनेक कुटुंबे याच पिकावर टिकून राहिली.

चांगली माती मिळालेले सगळेच टिकले असे नाही. जिथे शेतकरी संघटित झाले तिथे ते अधिक टिकले. मंडळीच्या छोट्या प्रार्थनागटांत एकत्र बसायला शिकलेल्या माणसांनीच पुढे मजूर-शेतकरी संघ उभे केले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी रस्ता, शाळा आणि छोट्या शेतकऱ्याला परवडेल असे कर्ज यांसाठी लढा दिला. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी ग्रामीण शाळा निघाल्या. त्यांत विद्यार्थी काही दिवस शाळेत आणि काही दिवस स्वतःच्या शेतात शिकतात. २००६ साली ब्राझीलने कौटुंबिक शेतीची व्याख्या कायद्यात घातली. जमिनीला मर्यादा हवी, श्रम मुख्यतः घरचे हवेत आणि कारभार कुटुंबाच्या हाती हवा, असे तो कायदा म्हणतो.

नदीकाठच्या लोकांसाठीही मार्ग निघाला. रबर कामगारांचे पुढारी शिको मेंदेस यांची १९८८ साली हत्या झाली. त्यानंतर १९९० पासून अशी राखीव क्षेत्रे निर्माण झाली, जिथे जमीन सरकारची आणि वापराचा हक्क तिथल्या समाजाचा असतो. ती कोणाला विकता येत नाही, म्हणून कोणाला विकतही घेता येत नाही.

७. वतन आणि माल

नाबोथाची गोष्ट आपण रविवारच्या शाळेत शिकलो. अहाब राजाने त्याला बदल्यात अधिक चांगला द्राक्षमळा किंवा रोख मोल देऊ केले होते. व्यवहार म्हणून पाहिले तर देकार वाईट नव्हता. पण राजाच्या लेखी तो मळा म्हणजे भाजीपाल्याची सोयीची जागा होती आणि नाबोथाच्या लेखी वाडवडिलांचे वतन. या दोन नजरांना एकमेकींची भाषा कळत नाही. नंतर ईजबेलेने काय केले तेही लक्षात घ्या. तिने पत्रे लिहिली आणि त्यांवर राजाची मोहर उठवली. मजकूर खोटा होता, शिक्का खरा होता. खोट्या कागदाला खरा शिक्का लावून जमीन घेण्याची ही रीत ॲमेझॉनच्या ग्रिलेइरोच्या कितीतरी आधीची आहे.

लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात जमीन कायमची विकू नये असे सांगितले आहे, कारण ती देवाची आहे आणि माणसे तिच्यावर परदेशीयांसारखी राहतात. मला या अध्यायात दोन आज्ञा एकत्र दिसतात. गरिबाला त्याचे वतन परत मिळाले पाहिजे, आणि जमिनीलाही तिचा विसावा मिळाला पाहिजे. ट्रान्सअमेझॉनिकावर पहिल्या आज्ञेचे नाव घेऊन दुसरी मोडली गेली, आणि शेवटी दोन्ही हातच्या गेल्या.

म्हणून जंगलातली जमीन वाटण्याचा विषय निघेल तेव्हा तीन गोष्टी आधी विचाराव्यात असे मला वाटते. तिथे आधीपासून कोण राहते, आणि त्यांना कोणी विचारले का? ज्याला जमीन मिळणार त्याच्या पाठीशी दहाव्या वर्षी कोण उभे राहणार? आणि ज्या जमीनदारीमुळे तो भूमिहीन झाला, तिला हात लावायचे टाळण्यासाठी तर हे वाटप होत नाही ना? शेवटचा प्रश्न विचारणे सर्वांत कठीण असते, कारण त्याचे उत्तर पुष्कळदा जंगलात नसून आपल्याच गावात असते.

चर्चेसाठी प्रश्न

१. सरकारने वसवलेले भूमिहीन कुटुंब आणि आरारा कुटुंब, दोघेही तुमच्या मंडळीत आले तर तुम्ही प्रत्येकाला काय सांगाल?

२. गरीब शेतकरी जंगल तोडतो तेव्हा दोष कोणाकोणाचा? चौथ्या भागातली कारणे पाहून यादी करा.

३. डोरोथी स्टँग यांनी जमीन न विकण्याच्या अटीचा आग्रह का धरला असेल? लेवीय २५ शी ती ताडून पाहा.

४. तुमच्या गावाजवळच्या जंगलात कोण राहते? त्यांच्या हाती जमिनीचा कोणता कागद आहे? पुढच्या सभेच्या आधी त्यांनाच भेटून विचारा.